फळा आणि वही

मागच्या वर्षी मी एक एक्सेल शीट बनवली. त्या शीटची मला आज लाज वाटते, म्हणून हा लेख.

काम तसं साधं होतं. आमची नऊ जणांची टीम. ऑफिस हिंजवडीला, क्लायंट अमेरिकेत. कुणाकडे कुठलं काम आहे आणि ते कुठवर आलंय हे दिसावं म्हणून नवं प्रोजेक्ट मॅनेजमेंट टूल घ्यायचं ठरलं. वरून निरोप आला, "पाच-सहा टूल्स बघ, कम्पॅरिझन काढ, शुक्रवारी प्रेझेंट कर." मी इंजिनिअर माणूस. कम्पॅरिझन म्हटलं की माझे हात शिवशिवतात. जिरा, ट्रेलो, असाना, लिनियर, क्लिकअप, अ‍ॅझ्युअर बोर्ड्स अशी सहा नावं घेतली. सव्वीस निकष काढले. प्रत्येक निकषाला वेटेज दिलं, फॉर्म्युला लावला, जास्त मार्कांचा रकाना हिरवा होईल अशी सोय केली.

त्या शीटमध्ये 'रिपोर्टिंग आणि डॅशबोर्ड' या निकषाला मी ३० मार्क ठेवले. 'टीमला वापरायला सोपं' याला १०. असं का, तर शुक्रवारी समोर कोण बसणार आणि त्यांना काय आवडेल, हे मला माहीत होतं. रोज ते टूल ज्यांना वापरायचं होतं त्या नऊ जणांपैकी एकालाही मी काही विचारलं नाही. नऊमध्ये मीही होतो. मी स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

जे टूल पहिलं आलं ते आम्ही घेतलं. त्याचं नाव सांगत नाही. सहापैकी कुठलंही आलं असतं तरी पुढचं सगळं असंच घडलं असतं, आणि मला नेमकं हेच सांगायचंय.

*

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगतो. एक फुकटातला ऑनलाइन बोर्ड होता. त्यावर चार रकाने होते: करायचंय, चालू, अडलंय, झालं. बस. कुणी कार्डावर दोन ओळी लिहायचं, कुणी नुसतंच 'तो परवाचा लफडा' असं लिहायचं आणि सगळ्यांना कळायचं. सगळ्यात भरलेला रकाना कायम 'अडलंय' हाच असायचा. क्लायंटकडून एपीआय आली नाही, टेस्ट सर्व्हर बंद आहे, मला हा कोड समजत नाही, असं काहीही. सकाळी त्या रकान्याकडे बघूनच कुणी तरी म्हणायचं, "अरे, हे मी मागे केलंय, थांब."

या बोर्डात एकच खोट होती. वरच्या मजल्यावरून तो नीट दिसत नव्हता.

नवं टूल आलं. त्यात अकरा स्टेटस होते. प्रत्येक टिकिटाला स्टोरी पॉइंट, अंदाजे तास, प्रत्यक्ष तास, एपिक, लेबल. कुणी कधी कुठलं कार्ड हलवलं याची मिनिटासकट नोंद. आणि दर महिन्याला आपोआप तयार होणारा एक बार चार्ट, माणसागणिक.

दोन महिन्यांत 'अडलंय' हा रकाना रिकामा झाला. डिलिव्हरी हेडनी मीटिंगमध्ये आमचं कौतुक केलं, "ब्लॉकर्स झीरो! हे टूलमुळे झालं." खरंच टूलमुळे झालं होतं. टिकिट अडलेल्या रकान्यात टाकलं की तिथे ते किती दिवस पडून आहे हे लाल अक्षरांत दिसायचं, शेजारी आपलं नाव. मग कोण टाकेल? अडलेली कामं 'चालू'मध्ये बसून राहिली. तो रिलीज तीन आठवडे लांबला. आणि बोर्ड शेवटच्या दिवसापर्यंत हिरवागार.

*

आमच्या टीममध्ये एक सीनियर आहे. होती, म्हणायला हवं. अकरा वर्षांचा अनुभव. ऑफिसमध्ये आम्ही एकमेकांना नावानंच हाक मारतो, पण इथे नाव घेता येत नाही, म्हणून ताई म्हणतो.

ताईचं काम दिसायचं नाही. ती दिवसाचा अर्धा वेळ दुसऱ्यांचा कोड वाचायची. नुसतं 'अप्रूव्ह' करून मोकळी होणाऱ्यांतली ती नव्हती. हे असं का केलंस, हे तीन महिन्यांनी फुटेल, हे सगळं ती शांतपणे लिहायची. एकदा काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते. रात्री नऊला फोन सुरू झाले. ऑन कॉल होता एक वर्षभराचा फ्रेशर, त्याला घाम फुटलेला. ताई त्याच्यासोबत रात्री दोनपर्यंत कॉलवर बसली. मूळ तिनं शोधलं, पण दुरुस्ती त्याच्या हातून करून घेतली, म्हणजे पुढच्या वेळी त्याला जमेल. टिकिट अर्थातच त्या पोराच्या नावावर बंद झालं.

एप्रिलमध्ये अप्रेझल. तिमाहीचा बार चार्ट समोर आला. सगळ्यात उंच दांडी माझी, ३४ टिकिटं. सगळ्यात बुटकी ताईची, ११.

माझी ३४ कशी झाली तेही सांगतो. टूल आल्यावर पंधरा दिवसांतच मला त्याची मेख कळली होती. एका कामाची चार टिकिटं करायची. बटणाचा रंग हे एक टिकिट, बटणावरचा मजकूर हे दुसरं. मी काही फसवत नव्हतो. नियमांतच बसत होतं. पण त्या तीन महिन्यांत मी कुणाचाही कोड नीट वाचला नाही, कारण कोड वाचण्याचं टिकिट नसतं.

मला चांगलं रेटिंग मिळालं. ताईचं एक पायरी खाली गेलं. मॅनेजर तसे सज्जन होते. "मला माहितीये तू किती काम करतेस," असं ते तिला म्हणाले, "पण डेटा सपोर्ट करत नाहीये."

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना तिनं मला सहज विचारलं, "त्या शीटमध्ये रिपोर्टिंगला तीस मार्क कुणी दिले होते रे?"

मी म्हटलं, "मी."

"बरं," असं म्हणून तिनं चहा संपवला. दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला.

*

माझ्या मामाचं कऱ्हाडजवळ हायवेला ट्रकचं गॅरेज आहे. लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडलेला असायचो. गॅरेजच्या भिंतीवर एक काळा फळा. त्यावर खडूनं गाडीचा नंबर, पुढे काम, पुढे कुणाच्या हातात आहे ते. 'क्लच प्लेट, खोलली, पार्ट उद्या.' 'पाटे तुटले, वेल्डिंगला गेले.' जो मोकळा होईल तो फळ्याकडे बघून पुढची गाडी धरायचा. काम झालं की फडकं मारून ओळ पुसायची.

आणि गल्ल्यात एक लाल वही. त्यात कुठल्या गाडीचं किती बिल झालं, किती आलं, किती उधारी, पोरांची उचल. वही मामाशिवाय कुणी उघडत नसे.

बी.कॉम. झाल्यावर माझ्या मामेभावाच्या डोक्यात आलं की फळ्यावरूनच पोरांचा पगार काढावा. ज्याच्या नावावर जास्त गाड्या, त्याला जास्त पैसे. दोन आठवड्यांत गॅरेजचं पार भजं झालं. ऑइल बदलायच्या गाड्यांवर पोरं तुटून पडायची आणि गिअरबॉक्स उतरवलेला ट्रक कोपऱ्यात तसाच. आधी जड काम असलं की हाक न मारता दुसरा हात लावायला यायचा, ते बंद झालं. फळ्यावर अर्धवट गाड्याही 'तयार' म्हणून चढायला लागल्या. मामानं एका सकाळी फळा स्वतः पुसला आणि पोराला सुनावलं, "फळ्यावर खोटं लिवलं तर गाडी खंबाटकीत हुबी ऱ्हाईल. वहीत खोटं लिवलं तर लई तर पैशाचं भांडण हुईल. दोन्ही एक करू नगंस."

मामा सातवी शिकलेला आहे. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि ती शीट बनवताना हे मला सुचलं नाही.

फळा हा काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेला असतो. त्यावर खरं लिहिण्यात सगळ्यांचा फायदा असतो, आणि तो पुसता येतो. वही ही हिशेब मागणाऱ्यासाठी असते. ती पुसता येत नाही, आणि तिच्यात आपली बाजू सांभाळून लिहावं लागतं. दोन्ही गरजेच्या आहेत. पण एकाच पानावर दोन्ही मांडायला गेलं की फळा मरतो, वहीच उरते. आणि ती वहीही खोटी असते, कारण तिच्यात खरं कळवणारा फळा आता कुठे राहिला?

आज बाजारात अ‍ॅजाइलच्या नावानं जी टूल्स विकली जातात, त्यांची विक्री नेमकी याच एकत्रीकरणावर होते. डेमोमध्ये विकणारा म्हणतो, "टीमला बोर्ड, मॅनेजमेंटला रिपोर्ट, सगळं एकाच ठिकाणी." आपण माना डोलावतो. दुखणं तिथूनच सुरू होतं.

*

जरा मागे जाऊन बघा. हे सगळं ज्यातून निघालं तो कानबान शब्द जपानी आहे, अर्थ साधारण पाटी किंवा फलक. टोयोटात ताइची ओनो यांनी ही पद्धत बसवली. पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला सुटे भाग लागले की कार्ड मागच्या टप्प्याकडे जायचं. म्हणजे एका कामगारानं दुसऱ्या कामगाराला धाडलेला निरोप. फळाच तो.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातल्या चार मूल्यांपैकी पहिलंच मूल्य असं, की माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद हे प्रक्रिया आणि साधनांपेक्षा मोलाचे. आज कुठलीही कंपनी 'अ‍ॅजाइल करायचं' ठरवते तेव्हा पहिली मीटिंग कशावर होते? टूल कुठलं घ्यायचं यावर. लायसन्स किती यावर.

जिराचंच बघा. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियननं ते काढलं, तेव्हा ते मुळात सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवण्यासाठी होतं. त्या आधी ते लोक बगझिला वापरत, तिला गमतीनं गॉडझिला म्हणत, आणि गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा. त्यातून जिरा. आपल्याला फोडणी आठवते, पण मूळ राक्षसात आहे. चुकांची यादी ठेवायला आलेलं साधन पुढे माणसांची यादी ठेवायला वापरता येतं, हा दोष साधनाचा नाही. वापरणाऱ्याला ते हवंच होतं.

स्टोरी पॉइंटचंही तेच. स्क्रमची जी अधिकृत मार्गदर्शिका आहे, तिच्या २०२० च्या आवृत्तीत हा शब्दच नाही. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, रॉन जेफ्रीज. त्यांनी पुढे लिहून टाकलं की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले असावेत, आणि तसं असेल तर आता आपल्याला त्याचा खेद होतो. टीमला आपल्यापुरता अंदाज बांधता यावा म्हणून आलेली गोष्ट, ती टीमा-टीमांची तुलना करायला वापरली गेली. आकडा हेच ध्येय झालं की तो आकडा मापायच्या लायकीचा राहत नाही. अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणतात. आमच्याकडे त्याला 'या स्प्रिंटला पाचच्या जागी आठ टाक' असं म्हणतात.

१९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांचं कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. त्या पद्धतीत स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या शेजारी एक माणूस उभा राहायचा. आपण त्या माणसाचा पगार वाचवला. स्टॉपवॉच आता आपणच स्वतःवर लावतो, आणि दर संध्याकाळी त्याचा आकडा आपणच भरतो.

*

आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांत तर याचा तिप्पट खेळ आहे. एकच काम क्लायंटच्या टूलमध्ये लिहायचं, मग आपल्या कंपनीच्या टूलमध्ये, आणि शुक्रवारी टाइमशीटमध्ये. तिन्ही ठिकाणी वेगळे आकडे, कारण तिन्ही ठिकाणचा वाचक वेगळा. टाइमशीट ही आपल्या इंडस्ट्रीतली सगळ्यात जास्त लिहिली जाणारी काल्पनिक कथा आहे. रोज बरोबर आठ तास, ना एक मिनिट कमी ना जास्त. लिहिणाऱ्याला माहीत असतं, अप्रूव्ह करणाऱ्यालाही माहीत असतं. एवढ्यापुरतं ठीक आहे, ती वही आहे आणि बिलिंगसाठी आहे. पण तीच खोटं लिहायची सवय हळूहळू बोर्डावर उतरते, तेव्हा मात्र खंबाटकीत गाडी थांबते.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते फालतू नाही.

"मग मॅनेजरनं काय अंधारात बसायचं?" नाही. तारीख पाळली जाईल का, हे त्याला कळायलाच हवं. पण त्यासाठी किती कामं झाली, किती उरली, काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत साधारण किती दिवस जातात, एवढं सगळ्या टीमचं मिळून पुरतं. माणसागणिक दांडी लागत नाही. त्या दांडीचा तारखेशी काही संबंध नाही, फक्त अप्रेझलशी आहे.

"बँकेत, औषधांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट लागतं." लागतंच. कुठला बदल कुणी केला, कुणी तपासला, हे तिथे नोंदवावंच लागतं. ती खरी वही आहे, ठेवा. पण त्यातलं पुष्कळसं कोडच्या इतिहासात आपोआप उमटतं. त्यासाठी माणसाला रोज अकरा रकाने भरायला बसवायची गरज नाही.

"घरून काम करणाऱ्या टीमला भिंत कुठे असते?" नसते. म्हणूनच टूल लागतं. मी टूलच्या विरोधात नाही. ज्याचा वाचक न ठरवताच ते विकत घेतलं जातं, अशा टूलच्या विरोधात आहे.

आणि आपण डेव्हलपर लोकही काही धुतल्या तांदळासारखे नाही. आपण टूलला शिव्या घालतो, ते स्लो आहे म्हणून मीम टाकतो, आणि कीबोर्ड शॉर्टकटवालं दुसरं चकचकीत टूल मागतो. ते मिळतं. वर्षभरात त्यातही अकरा रकाने उगवतात. कारण रकाने टूलमध्ये नव्हते, मीटिंगमध्ये होते.

*

मग टूल निवडायचं कसं? मला आता जे कळलंय ते सांगतो.

निकषांच्या आधी एक प्रश्न लिहा: हे रोज कोण वाचणार? उत्तर 'टीम' असेल तर टीमलाच निवडू द्या. खरं काम घेऊन दोन आठवडे वापरू द्या, डेमो बघून नाही. त्या दोन आठवड्यांत 'अडलंय'मध्ये एकही कार्ड पडलं नाही, तर खूश होऊ नका. एक तर लोक घाबरलेत, नाही तर बोर्ड कुणी वाचतच नाहीये.

क्लायंटचं टूल असेल तर तेच एक ठेवा, दुसरं उघडू नका. कोड मर्ज झाला की कार्ड आपोआप पुढे सरकेल अशी सोय असेल तर ती वापरा, माणसाच्या हातचं काम कमी होतं. माणसागणिक चार्ट बऱ्याच टूल्समध्ये बंद करता येतात किंवा मोजक्या लोकांपुरते ठेवता येतात. ते पहिल्याच दिवशी बंद करा. एकदा कुणी बघायला लागलं की मग बंद होत नाहीत.

आणि एक परीक्षा. उद्या हे टूल नाहीसं झालं तर तुमची टीम सकाळी काय करेल? हा प्रश्न हवेतला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅटलासियनच्या ७७५ ग्राहकांच्या साइट्स एका चुकीच्या स्क्रिप्टनं उडाल्या, आणि काहींना त्या परत मिळायला १४ दिवस लागले. तुमच्या टीमवर ही वेळ आली आणि एकमेकांना दोन फोन करून काम सुरू राहिलं, तर तुमच्याकडे फळा आहे. सगळे हातावर हात ठेवून बसले, तर तुमच्याकडे फक्त वही होती.

*

यंदा लायसन्स रिन्यू करायचंय. शीट पुन्हा माझ्याकडेच आलीय. "मागचीच वापर, आकडे अपडेट कर," असा निरोप आहे.

अशी शीट नेहमी आपल्यासारख्यांकडेच येते, हे लक्षात ठेवा. तीन-चार वर्षं अनुभव, एक्सेल बरं जमतं, वरच्यांसमोर नीट बोलता येतं, आणि 'नाही' म्हणायची अजून सवय नाही. आपल्याला वाटतं, आपण फक्त वेटेज भरतोय. त्या वेटेजवर पुढे कुणाचा तरी पगार ठरतो. तेव्हा तीसच्या जागी तुम्ही काय लिहिता, हे लहान काम समजू नका.

मी या वेळी पहिली ओळ 'वाचणार कोण?' अशी टाकलीय. माणसागणिक चार्ट बंद करा, असा मेलही पाठवलाय, खाली टीममधल्या सहा जणांची नावं. दोघं नको म्हणाले. त्यांच्या दांड्या आता सगळ्यात उंच आहेत, मला त्यांना काही बोलायचा हक्क नाही. उत्तर आलंय, "लेट्स डिस्कस." अजून डिस्कस झालेलं नाही.

मेल पाठवल्यावर ताईला कळवलं. तिनं अंगठा पाठवला, आणि मागोमाग एक ओळ: "कोड वाचतोस का आता कुणाचा?"

वाचतो. त्याचं टिकिट नाही.